यंत्रबाबांची राख

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो आपला कॉम्प्युटर आजारी पोरासारखा मांडीवर घेऊन बसला होता. कुणाचा चालता चालता गोठायचा, कुणाचा मध्येच निळा पडून बंद व्हायचा. यंत्रबाबा व्यासपीठावर डोळे मिटून बसले होते आणि त्यांचा शिष्य माइकवर ओरडत होता, "यंत्रालाही जीव असतो, मंडळी! घरातली भांडणं ते ऐकतं. मग ते रुसतं!"

"ऐका," बायको माझ्या कानाशी म्हणाली. "दिवसभर तुमची कटकट ऐकून ते बिचारं करणार काय?"

आमचा धंदा कवळ्यांचा. पूर्वी मी मेण आणि प्लास्टर घेऊन हाताने करायचो. आता सूनबाई दात कॉम्प्युटरवर आखते आणि मशीन ते कोरतं. पण गेले काही महिने जबडा अर्ध्यावर आला की कॉम्प्युटर गोठत होता. कवळ्या वेळेत जाईनात. दातांचे डॉक्टर एकेक करून दुसरीकडे वळले. असंच चाललं असतं तर दुकानाला कुलूप लागलं असतं.

सूनबाई कॉम्प्युटरचा मेंदू असलेली चिप बनवणाऱ्या कंपनीशी भांडत होती. तिथला माणूस रोज नवं कारण काढायचा. तुमच्याकडे धूळ आहे, तुमची वीज खराब आहे, तुम्हीच यंत्राला फार पळवता. त्यात शेजारचा फोटोवाला सांगत आला की बाबांनी त्याचा कॉम्प्युटर बरा केला. सूनबाई कंपनीच्या ऑफिसात गेल्याची संधी साधून बायको निघाली. मी होतो हमाल.

शिष्याने आमचा कॉम्प्युटर पडद्यामागे नेला. "आधी स्नान," तो म्हणाला.

"विजेच्या वस्तूला आंघोळ?" मी विचारलं.

"सूक्ष्म स्नान, काका. तुम्हाला नाही कळायचं."

थोड्या वेळाने कॉम्प्युटर बाहेर आला आणि मोठ्या पडद्याला जोडला गेला. बाबा पुटपुटले. पडद्यावर आमचा जबडा उमटला, एकेक दात भरू लागला. रोज जिथे गोठायचा तिथून पुढे गेला. टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकोने डोळ्यांना पदर लावला.

बाबांनी डोळे उघडले. "आता बंधन. याच्या मेंदूवर मंतरलेली राख चोळली की पीडा कायमची गेली." शिष्य स्क्रू ड्रायव्हर घेऊन चिपवरचा छोटा पंखा काढायला वाकला.

"हात लावू नका!" मागून आवाज आला. सूनबाई गर्दीतून वाट काढत येत होती. तिला घरी शेजाऱ्यांनी सांगितलं असणार. "आई, कंपनीने आज कबूल केलं. चिपमध्येच दोष आहे, बदलून देणार आहेत. पण चिपच्या पाठीवरचा नंबर वाचता आला पाहिजे. ही खरखरीत राख तो पुसून टाकेल."

फोटोवाला उभा राहिला. "माझ्या चिपचा तर यांनी घासून आरसा केलाय!"

"नंबर ही माया आहे, मुली," बाबा म्हणाले.

"असेल. यंत्र बरं झालंय ना? मग जबडा पुरा होऊ दे."

सगळे थांबले. दात भरत होते, पण एकेक दात जणू पाय ओढत येत होता. लोक खोकू लागले, चुळबुळ करू लागले.

"घरी चहा उकळेपर्यंत होतं हे," बायको हळूच म्हणाली.

"तेच," सूनबाई म्हणाली. तिने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, एक बटण दाबून धरलं आणि आतल्या मांडणीचं पान सगळ्यांसमोर उघडलं. "हा चिपचा वेग. सकाळी होता त्याच्या निम्मा. आंघोळीत कुणीतरी कमी केलाय. लंगड्याला हळू चालवलं तर तो पडत नाही. म्हणून त्याचा पाय बरा झाला का?"

तिने वेग पूर्ववत केला आणि जबडा पहिल्यापासून भरायला लावला. "म्हणा मंत्र, महाराज."

बाबांनी घसा साफ करून सुरुवात केली. पडदा गोठला. अर्धा जबडा आ वासून आमच्याकडे बघत राहिला.

"महाराज, जरा मोठ्याने म्हणा," मागून कुणीतरी म्हणालं. "त्याला दात आलेत, कान यायचेत अजून!"

हशा उसळला. शिष्य पडद्यामागे गेला तो गेलाच. बाबा लाल होऊन म्हणाले, "तुझी श्रद्धा नाही, म्हणून बिघडलं!"

"कंपनीवालाही असंच म्हणायचा," सूनबाई म्हणाली. "फक्त श्रद्धेऐवजी वीज म्हणायचा. आणि वेग कमी करायचा हा मंत्रही मला पहिल्यांदा त्यानेच दिला होता, फोनवर."

गोष्ट अगदी साधी होती. ती चिप गरजेपेक्षा जास्त विजेचा दाब मागून घेत होती आणि आतून झिजत होती. कंपनीने दुरुस्तीचा प्रोग्राम काढला, पण त्याआधी कित्येक महिने दोष गिऱ्हाइकांच्या माथी मारला. तो कॉम्प्युटरमध्ये घातला की पुढची झीज थांबते. झिजलेलं भरून येत नाही, ना दुरुस्तीने, ना राखेने. बाबा राख चोळायचे त्यातही हिशेब होता. नंबर गेला की कंपनीचं दार बंद, मग माणूस जन्मभर बाबांच्या दारात.

आम्हाला नवी चिप मिळाली. दुकान चालू आहे. फोटोवाल्याला कंपनीने सांगितलं, नंबर दिसत नाही, सबब काही करता येत नाही. त्याचा कॉम्प्युटर अजून निम्म्या वेगाने रांगतो.

कुणी तुमचं दुखणं बरं केलं असं म्हणालं, मग तो राख फासलेला असो की टाय लावलेला, तर टाळी वाजवायच्या आधी एवढंच विचारा, की तुम्ही नेमकं बदललंत काय? ज्याला सांगता येतं तो सांगतो. जो चिडतो, त्याच्या पडद्यामागे जाऊन बघा.

परवा कंपनीचा फोन आला. नवी सुधारणा आलीय, यंत्र आणखी स्थिर होईल. बायकोने सूनबाईच्या हातून फोन घेतला.

"काय बदललंत?"

"मॅडम, ते तांत्रिक असतं. तुम्ही विश्वास ठेवा."

"विश्वास मी एकदा सभागृहात ठेवून आले," बायको म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. "तुम्ही सांगा सावकाश. मी ऐकतेय."