ओट्यावरची सवत

मला सवत होती, आणि तिला मिशा होत्या.

सरकारनं हिंदूंना दुसरी बायको करायला बंदी केली, तेव्हा वसईतल्या आमच्या गिरीज गावातल्या पुष्कळ बायकांचा जीव भांड्यात पडला. धर्मातल्या लग्नात सरकारनं हात घालावा का, यावर तेव्हा आमच्या ओट्यावर कितीतरी दिवस वाद रंगला होता. मी आत तांदूळ निवडत ऐकायची आणि म्हणायची, कायदा झाला ते बरंच झालं, पण माझी सवत काही त्यात बसत नाही. माझी सवत म्हणजे शेजारच्या वाडीतला गॅब्रिएल मास्तर.

आमचे हे, म्हणजे विद्याधर, दिवसभर केळीत आणि पानवेलीत राबायचे. तिन्हीसांजेला देवळाची घंटा झाली, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या देवळाची, की हे हातपाय धुऊन, केस विंचरून ओट्यावर बसायचे. माझ्यासाठी ह्यांनी कधी केस विंचरल्याचं मला आठवत नाही. मग कुंपणाचं फाटक वाजायचं. गॅब्रिएल टोपी खुंटीला लावायचा, "काय वहिनी, बरं आहे ना?" असं विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता बसायचा. की झालं सुरू.

वाद करायचा म्हटला की दोघंही घरची बोली सोडून चांगलं शाळेतलं मराठी बोलायचे. पोर्तुगीजांनी राज्य आणि धर्म एकत्र केले म्हणून वसईचं काय झालं. पेशव्यांनी किल्ला घेतला तो राज्यासाठी की धर्मासाठी. दिल्लीत घटना लिहून होत आली होती, तिच्यात देवाचं नाव असावं की नसावं. एका दिवशी हे म्हणायचे, धर्माला कारभारातून हाकलून द्या, आणि गॅब्रिएल म्हणायचा, मग कारभाराला लाज कोण शिकवणार. दुसऱ्या दिवशी दोघं बाजू बदलून बसायचे. ह्यांना मत नव्हतंच मुळी. ह्यांना गॅब्रिएल हवा होता.

आवाज चढला की मी आनंदून पदराला हात पुसत दारापाशी यायची. आज भांडणार, आज तोंडं फिरवणार. पण भांडण जितकं मोठं, तितकी ह्यांची कळी खुललेली असायची. रात्री जेवताना मी काही सांगितलं तर हे म्हणायचे, "हं." आमटी खारट झाली तरी "हं." मुद्दाम खारट केली तरीसुद्धा. आजूबाजूच्या बायका म्हणायच्या, नशीबवान आहेस, नवरा कधी भांडत नाही. माझ्याशी भांडत नाही, हेच तर माझं दुखणं होतं.

एकदा मी गॅब्रिएलच्या बायकोकडे, इझाबेलकडे गेले. म्हटलं, तिचाही नवरा रोज संध्याकाळी घराबाहेर, तिच्याही पोटात जळत असेल. ती चुलीपाशी मासे साफ करत होती.

"तुला काय वाटत नाय गो?" मी विचारलं.

"बरं हाय की," ती म्हणाली. "तुझा घोव हाय म्हनून माझं डोकं वाचलं. नाय तर हा सगला पोर्तुगीज मलाच ऐकायला लागला असता."

म्हणजे जळणारी मी एकटीच. त्यानं मला आणखीच राग आला.

आता विहिरीचं सांगते. आमच्या दोन वाड्यांत विहीर एकच आणि रहाटही एकच. आजेसासऱ्यांच्या वेळेपासून ठरलेलं होतं, की रविवारी ख्रिस्ती माणूस बैल जुंपत नाही, म्हणून त्या दिवशीचं पाणी आमचं. अमावस्येला आम्ही बैल जुंपत नाही, म्हणून त्या दिवशीचं पाणी त्यांचं. बाकीचे दिवस अर्धे अर्धे. यावरून कधी चकार शब्द झाला नव्हता. रविवारी अमावस्या आली, तर मात्र रहाट दिवसभर उभा. त्या दिवशी कुणीच पाणी काढायचं नाही. विहिरीला सुट्टी, असं आम्ही म्हणायचो.

त्या वर्षी कार्तिकातली अमावस्या रविवारी आली. जवळच्या निर्मळची जत्रा चालू होती, आणि जत्रा उठली की वाचनालयात ह्या दोघांची वादसभा ठरली होती. विषय, 'राज्यकारभारात धर्माला जागा असावी काय?' दोघांनाही काम नाही, त्यामुळे गॅब्रिएल देवळात मिस्सा आटपून सकाळीच हजर. मी ह्यांना आदल्या दिवशी म्हटलं होतं, उद्या आपण दोघं जत्रेला जाऊ, खायला सुकेळी घेऊ. हे म्हणाले होते, "हं." मी नवं लुगडं काढून ठेवलं होतं.

चहा घेऊन ओट्यावर गेले, तेव्हा गॅब्रिएल सांगत होता, "माझा धर्म इथं राज्याबरोबर आला, कबूल. पण राज्य गेलं आणि धर्म राहिला. मग त्याला राज्याची गरज कुठे आहे?"

हे डोकं खाजवत उत्तर शोधायला लागले. मला एक सुचत होतं.

"मी बोलू का?" मी म्हटलं.

ह्यांनी कप उचलला, माझ्याकडे न बघता एक घोट घेतला आणि म्हणाले, "नाही नाही, साखर बरोबर आहे."

मी आत गेले नाही. तशीच मागल्या बाजूनं वाडीत गेले, गोठ्यातून बैल सोडला आणि रहाटाला जुंपला. वाटलं, हा रहाट असा करकरू दे की त्या दोघांना एकमेकांचा शब्द ऐकू येऊ नये. बैलानं माझ्याकडे वळून पाहिलं. त्यालाही वार माहीत होता. मी त्याला हाकललं. गाडगी वर यायला लागली, पाणी पाटात पडलं आणि रहाटाचा आवाज दोन्ही वाड्यांत गेला.

दोघंही धावत आले. गॅब्रिएल टोपी विसरला होता.

"वहिनी, आज रविवार आहे," तो म्हणाला.

"अगं, आज अमावस्या आहे," हे म्हणाले.

"दोन्ही हाय," मी म्हटलं. "झाडांना तहान लागलेय."

गॅब्रिएलनं ह्यांच्याकडे पाहिलं. "रविवार मला बांधतो, त्यांना नाही. मला थांबवता येत नाही. हा तुमच्या घरातला मामला." मिशीत हसत तो कुंपण ओलांडून निघून गेला.

आम्ही दोघंच उरलो. हे विहिरीच्या काठावर बसले आणि मला समजावू लागले, की वाडवडिलांनी नेम घातला तो उगीच नाही, नेम मोडला तर शेजार मोडतो.

"कुनी मोडला?" मी म्हटलं. "रविवार गॅब्रिएलच्या बैलाला थांबवतो, आपल्या नाय. अमावस्या आपल्या बैलाला थांबवते, त्यांच्या नाय. ज्याचा देव त्यानं आपला बैल बांधावा. दुसऱ्याच्या दाव्याला हात लावू नये. विहीर एवढी वर्सं त्यावरच चालली ना?"

"बरं," हे म्हणाले. आणि मग ह्यांनी मान वर केली. "पण ज्या दिवशी दोघांचेही बैल बांधलेले असतात, त्या दिवशी?"

ह्यांनी मला प्रश्न विचारला होता.

"त्या दिवशीपन झाडाला पानी लागतं," मी म्हटलं. "अमावस्या झाडाला कलत नाय, रविवारपन कलत नाय. मग कुनीतरी असा लागतो, ज्याला सुट्टी नाय. त्याला सरकार म्हनायचं. आज ते मी."

"चूक," हे ओरडले. "साफ चूक. सरकारला जर कुठलाच नेम नसला, तर ते कुणाचाही बैल सोडील. तू तरी कुणाला विचारून सोडलास?"

"तुमी ऐकलं असतंत तर विचारलं असतं."

"हा मुद्दा नाही झाला."

"हाच मुद्दा हाय. ज्याचं कुनी ऐकत नाय, तो एक दिवस बैल सोडतो. पोर्तुगीजांनी लोकांचं ऐकलं नाय, त्यांचं असंच झालं ना?"

हे उभे राहिले, परत बसले. बोटांवर मुद्दे मोजत काहीतरी सांगायला लागले. मी खोडून काढलं. त्यांनी माझं खोडलं. उन्हं चढली, बैल फिरत राहिला, केळीच्या आळ्यांत पाणी भरून वाहायला लागलं, आणि माझा नवरा लाल होऊन माझ्याशी भांडत होता. केस विसकटलेले होते, पण चेहरा तसाच होता, तिन्हीसांजेचा. इतकी वर्षं जो मी दाराच्या फटीतून पाहिला, तो आज माझ्यासमोर होता. मला जत्रा नको होती, सुकेळी नको होती. हा रहाट रात्रीपर्यंत फिरला तरी चालला असता.

"ज्याला सुट्टी नाही ते सरकार," हे स्वतःशी पुटपुटले. मग माझ्याकडे बघून हसले. मीही हसले.

"थांब हं जरा," हे म्हणाले. "गॅब्रिएलला सांगून येतो."

आणि गेले. फाटक उघडंच टाकून, भराभर.

कुंपणापलीकडून मला सगळं ऐकू येत होतं. "ऐक, आमची ही काय म्हणाली," असं म्हणून ह्यांनी माझं बोलणं शाळेतल्या मराठीत करून सांगितलं, आणि ते माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. गॅब्रिएलनं मांडीवर थाप मारलेली ऐकू आली. आता मला माझ्याच वाक्याचा हेवा वाटायला लागला. ते जाऊन गॅब्रिएलच्या ओट्यावर बसलं होतं.

"अरे, मग वहिनींनाच बोलाव ना," गॅब्रिएल म्हणाला. "त्यांच्याच तोंडून ऐकू."

माझा हात डोक्यावरच्या पदराकडे गेला.

"राहू दे रे," हे म्हणाले. "तिचं पाणी चाललंय."

बैल केव्हाच उभा राहिला होता. पाट रिकामा होता.