शेखसाहेबांच्या हाताचं माप

२००५ साली जेद्दात बंदुका दुरुस्त करणाऱ्या कासम परकारकडे त्याच्या कफिलाने, म्हणजे ज्यांच्या व्हिसावर तो तिथे राहत होता त्या शेखसाहेबांनी, आपले दोन रिव्हॉल्व्हर सोपवले. घोडे हलके करायचे आणि स्वतःच्या हाताला बेतून नव्या मुठी बसवायच्या, असा हुकूम होता. मातीत हाताचा ठसा लागेल, असा निरोप कासमने धाडला. दुसऱ्या दिवशी ठसा द्यायला मुनीर हजर झाला.

हा मुनीर मलबारी. शेखसाहेबांची झाडून सगळी कामं तोच करायचा; सरकारी रांगेत उभं राहण्यापासून सोयऱ्यांच्या मयतीला बसून येण्यापर्यंत.

"अरे, हात शेखसाहेबांचा पाहिजे," कासम म्हणाला.

"त्यांनीच पाठवलंय मला," म्हणत मुनीरने बाही सरसावली.

कफिलाशी वाद घालून दापोलीला परतायची कासमला घाई नव्हती. त्याने मुकाट ठसा घेतला आणि अक्रोडाच्या लाकडाच्या मुठी त्या किडकिडीत हाताला चोख बसवल्या.

रेंजवर शेखसाहेबांच्या जाडजूड पंजात मूठ काही मावेना. सगळ्या गोळ्या वाळूत गेल्या. कासमने मनातल्या मनात बॅग भरायला घेतली.

शेखसाहेबांनी रिव्हॉल्व्हर मुनीरच्या हातात दिला. जन्मात कावळ्याला खडाही न मारलेल्या त्या माणसाने निशाणाच्या कागदावरच्या मधल्या काळ्या ठिपक्याची पार चाळण केली.

शेखसाहेबांनी तो कागद मागवला, निरखला, घडी घालून खिशात ठेवला.

"मूठ झकास जमलीय, कासम," ते म्हणाले. "माझा नेम इतका चांगला कधीच लागला नव्हता."