धुळीत लिहिलेल्या लेकी

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी धूळपाटी पाहिली आहे का? नसेलच. तुमच्या आजोबांनीही कदाचित पाहिली नसेल. मी तीच. दीड हात लांब, हातभर रुंद अशी बाभळीची फळी, आणि तिला चारी बाजूंनी बोटभर उंच काठ. एका कोपऱ्याचा काठ तुटला आहे. सध्या सेलूच्या एका घरात मला कपाटावर, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवतात. एवढा मान मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता, आणि आता मिळून त्याचा काही उपयोग नाही.

सेलू तालुक्यातल्याच एका खेड्यात लिंबाजी सुतारानं मला घडवलं. एका शेतकऱ्याच्या बैलगाडीचं जू करून उरलेलं लाकूड होतं ते. शिसवीसारखी मी देखणी नाही, पण बाभूळ चिवट असते, म्हणून टिकले. रंगनाथ मास्तरांनी मला मागून घेतलं. ते जुन्या विटा कुटून, भुकटी फडक्यातून गाळून माझ्यावर पसरायचे. पोरं तिच्यावर बोटानं अक्षर काढायची, तोंडानं म्हणायची, आणि तळहातानं पुसून पुढचं लिहायची. खाली सांडलेली धूळ पायदळी जाऊ द्यायची नाही, अशी रीत होती. तिच्यात अक्षरं असतात म्हणत. संध्याकाळी ती गोळा करून कडुनिंबाच्या बुंध्याशी टाकायची.

तेव्हा आपल्या भागावर निजामाचं राज्य होतं. कचेरी उर्दूत, शेताचे कागद उर्दूत, सरकारी शाळाही उर्दूत. पोरं घरी एका भाषेत रडायची आणि शाळेत दुसऱ्या भाषेत गप्प बसायची. उर्दूवर माझा राग नाही. गोड भाषा आहे, आणि तिचे कितीतरी शब्द आपल्या घरात येऊन आपलेच झालेत. राग होता तो जबरदस्तीचा. परवानगीशिवाय मराठी शाळा काढणं गुन्हा होता, आणि मागून परवानगी मिळत नव्हती. मग मास्तरांची शाळा त्यांच्या स्वयंपाकघरात भरायची. सरकारी शाळेत उर्दू शिकवणारे गफूरसाहेब मास्तरांचे दोस्त होते. पोलिसांचा जमादार गावात शिरला की ते मागच्या गल्लीनं येऊन खिडकीशी खाकरायचे.

"रंगनाथराव, आज पाटी नक्को निकालो. जमादार आ रा."

लगेच धूळ चुलीच्या राखेत जायची. मास्तरीणबाई मला उलटी टाकून माझ्या पाठीवर पापड लाटायला बसायच्या. खाकीतला जमादार दारात बूट आपटायचा आणि आत डोकावून जायचा. त्या घरात इतके पापड लाटले गेले की खाणारे कंटाळले.

त्याच गावात गोजरबाई राहायची. तिचं एक गाणं होतं. नागपंचमीला बाया फेर धरतात, तेव्हा ते म्हणायचं. गावातली एखादी लेक लग्न होऊन गेली आणि पहिल्या पंचमीला माहेरी आली, की गोजरबाई तिच्या नावाच्या दोन ओळी रचून गाण्यात घालायची. तिच्या आधी तिची सासू हेच करायची. त्यामुळे त्या गाण्यात गावच्या साठ-सत्तर लेकी होत्या. कुणाची कोण, कुठं दिली, काय सुखात, काय दुःखात आहे, सगळं. सरकारी कागदात नावं पुरुषांची. लेकींची नोंद जगात कुठं असेल तर ती एवढीच.

*सुताराची कौसा बाई दिली मानवताला,*
*दारी तिच्या चिंच मोठी, सावली गावाला.*

ही आमच्या लिंबाजी सुताराची बहीण. त्या दोन ओळी निघाल्या की म्हातारा सुतार लाकूड तासणं थांबवून, वाकस बाजूला ठेवून फेराकडं बघत उभा राहायचा.

एक दिवस गोजरबाई मास्तरांकडं आली.

"मास्तर, माझं गाणं तेवढं कागदावर उतरून द्या. मी मेले की ह्या समद्या लेकी बी मरतील बघा."

"कागद नको, गोजरबाई," मास्तर म्हणाले. "कागद सापडतो. परवा शेजारच्या गावात झडती झाली. वह्या चुलीत घातल्या आणि मास्तरला धरून नेलं."

"मंग काय करावं?"

"तुमच्या लेकीला, चांगुणेला पाठवा. ती पाटीवर लिहील, पाठ करील आणि पुसून टाकील. डोक्याची झडती अजून कुणाला घेता येत नाही."

तेव्हा ते वाक्य मला फार आवडलं होतं. आज त्याचा राग येतो. पण मास्तरांना तरी काय ठाऊक, की डोक्यातलं न्यायला पोलीस लागत नाही.

चांगुणा तेव्हा आठ वर्षांची होती. पोरीला शिकवून काय वकील करायची का, म्हणून गावानं गोजरबाईची चेष्टा केली. गोजरबाईनं ती कानाआड केली. पोरगी रोज यायची, आईनं सांगितलेली एका लेकीची ओळ माझ्यावर लिहायची, दहादा म्हणायची आणि पुसायची. तिचं बोट हलकं होतं. मला गुदगुल्या व्हायच्या. एखादं अक्षर फार चांगलं आलं की ते पुसताना ती थबकायची, मास्तरांकडं बघायची. "पूस," मास्तर म्हणायचे. मग ती पुसायची. अशा सगळ्या लेकी माझ्या अंगावरून गेल्या.

अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं. मास्तरांची शाळा उघडपणे भरू लागली. तिला पत्रे मिळाले, भिंतीवर काळा फळा मिळाला, आणि मी कोपऱ्यात गेले. दुसऱ्याच वर्षी चांगुणेचं लग्न ठरलं. मास्तरांनी मला धुऊनपुसून तिच्या हातात दिलं.

"ही तुझी. आता भीती नाही, पोरी. आता सगळं कागदावर उतरव."

"व्हय, मास्तर," ती म्हणाली. मीही तिच्याबरोबर सेलूला आले. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता.

मित्रांनो, पुढचं सांगायला मला जड जातं, कारण पुढं काहीच झालं नाही. भीती होती तेव्हा रोज एक ओळ लिहिली जायची. भीती गेली आणि लिहिणं उद्यावर गेलं. "मायला समदं पाठ हाय की. पंचमीला गेले की लिहून घेईन," चांगुणाबाई म्हणायची. पंचमीला जायची, फेरात नाचून यायची. फेरात वही घेऊन कोण जातं? एकदा तिनं मुद्दाम वही आणली, तर तिच्या लेकानं तीत पाढे लिहून काढले. ती हसली आणि म्हणाली, दुसरी आणू. मी तेव्हा पाण्याच्या रांजणावर झाकण होते. ओरडावंसं वाटायचं. पण झाकणाला कोण विचारतं?

बहात्तरच्या दुष्काळात गोजरबाई गेली. मग चांगुणाबाई म्हणू लागली, "मला पाठ हाय की." आणि खरंच होतं तिला पाठ. पण गाणं म्हणायला फेर लागतो. गावातल्या बाया पांगल्या, पंचमीला लाउडस्पीकर लागू लागले. न म्हटलेल्या गाण्यातून एकेक लेक गुपचूप निघून जाऊ लागली. कधी गेली ते तिलाही कळलं नाही.

आता अलीकडचं सांगते. चांगुणाबाईचा नातू योगीराज एसटीत कंडक्टर आहे, सेलू-पाथरी गाडीवर. त्याची मुलगी ज्ञानेश्वरी सातवीत, इंग्रजी शाळेत. शाळेत ती एकदा "लय भारी" म्हणाली, तर वर्ग हसला. तेव्हापासून ती घरीही मोजूनमापून बोलायची. पणजीला ती आजीच म्हणायची, आणि त्या आजीचं बोलणं तर मैत्रिणींसमोर तिला नको व्हायचं. मला तिचा राग आला नाही. तिच्यासारखी गप्प बसलेली पोरं मी पूर्वी पाहिली होती. फक्त तेव्हा दारात जमादार असायचा.

मागच्या दिवाळीत साफसफाई करताना मी तिच्या हाती लागले.

"आजी, या झाकणाला काठ कशाला गं?"

चांगुणाबाईनं मला मांडीवर घेतलं आणि अडखळत का होईना, पहिल्यांदाच सगळं सांगितलं. मास्तर, गफूरसाहेब, पापड, लेकींचं गाणं. पोरगी ऐकतच राहिली. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन बसली. "सांग," म्हणाली.

पण आजीचं वय सत्त्याऐंशी. पावसाळ्यात ती पडली होती, तेव्हापासून जीभ जड झालेली. महिनाभर दोघी बसल्या. कधी एक लेक आठवायची, कधी अर्धीच. "तिला… तिला कुठं दिली गं… नदीकाठचं गाव…" असं म्हणून म्हातारी कपाळ बडवून घ्यायची. एकोणीस लेकी वहीत आल्या. बाकीच्या आल्या नाहीत. त्या शोधताना ज्ञानेश्वरी आजीच्याच बोलीत बोलू लागली होती, हे तिला स्वतःलाही समजलं नाही.

एका दुपारी तिनं विचारलं, "आजी, तुझी ओळ कोणती? तुझ्या मायनं तुझ्यावर काय रचलं?"

म्हातारीचे डोळे एकदम लकाकले. ती ओळ तिला येत होती! ओठ हलले, पण शब्द बाहेर येईना. दोनदा, तीनदा. मग तिनं माझ्याकडं बोट केलं.

पोरगी धावली. तिनं खलबत्त्यात विटकर कुटली, ओढणीतून गाळली आणि माझ्यावर पसरली. पंचाहत्तर वर्षांनी माझ्या अंगावर धूळ पडली. मला काय वाटलं ते सांगायला जमणार नाही. म्हातारीचं बोट टेकलं. तसंच हलकं, ओळखीचं होतं. एक ओळ झाली. मग दुसरी. ज्ञानेश्वरी समोरून बघत होती, तिला ती उलटी दिसत होती.

"थांब आजी, फोटो काढते," म्हणून ती मोबाइल आणायला आत पळाली.

तेवढ्यात ड्यूटी संपवून योगीराज दारात आला. अंगात खाकी. पाय आपटून त्यानं बुटाची धूळ झाडली.

"काय चाललंय आजी?"

त्याच खाकीला ती रोज भाकरी वाढायची. पण त्या क्षणी ती आमच्या खेड्यातल्या स्वयंपाकघरात होती. तिचा तळहात माझ्यावरून सपकन फिरला. एकदाच. सगळं सपाट.

"काई न्हाई सायब," ती म्हणाली. तिला महिनाभर न सापडलेले शब्द आता धडाधड येत होते. "काई न्हाई. पापड लाटायले मी."

"आजी, अगं मी हाय, योगीराज!"

ज्ञानेश्वरी मोबाइल घेऊन बाहेर आली, तिनं सपाट धूळ पाहिली आणि आजीचा हात धरला. "परत लिही ना आजी. लिही ना गं, माझी माय." म्हातारीनं बोट टेकलं. बोट तिथंच राहिलं. थोड्या वेळानं तिच्या डोळ्यांतलं पाणी धुळीत पडू लागलं, आणि आम्हां सगळ्यांना समजलं की ती ओळ गेली. त्या दिवसापासून योगीराज खाकी सदरा दाराबाहेर उतरवून मगच आत यायचा. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. माघात चांगुणाबाई गेली.

तुम्ही म्हणाल, ओळ तर तुझ्याच अंगावर लिहिली होती, तूच सांग. मित्रांनो, मला वाचता येत नाही. मला फक्त बोटाचा दाब कळतो. बाकीच्या लेकी मला माहीत झाल्या त्या चांगुणा लहानपणी मोठ्यानं म्हणायची म्हणून. ही ओळ तिनं मुक्यानं लिहिली.

आता तुम्हाला तुमची भाषा पुसायला कुणी सांगत नाही. कुणी खिडकीशी खाकरतही नाही, त्यामुळे ती जाते तेव्हा कळत नाही. तुमच्या घरात एखाद्या आजीच्या, आत्याच्या, शेजारच्या म्हाताऱ्याच्या तोंडात काहीतरी उरलं असेल. एखादं गाणं, पिकाचं नाव, शिवी सुद्धा चालेल. तिला पाठ आहे ना, मग काय घाई, असं म्हणू नका. आज जा आणि विचारा. तुमच्या बोलीत विचारा, लाजू नका. कागदावर लिहा.

ज्ञानेश्वरीच्या वहीत विसावं नाव "चांगुणा, गोजरबाईची" असं आहे. त्याखाली दोन ओळींची जागा कोरी ठेवली आहे. शाळेतून आल्यावर ती कधी कधी चादर सोडते, मला अंगणात नेते आणि उन्हात तिरकं धरून, डोळे बारीक करून बघत राहते. कुठं एखादा ओरखडा उमटला असेल का म्हणून.

नाही गं बाळे. तिचं बोट फार हलकं होतं.