केसभर अंतरावरून

न्हाव्याच्या हातात देवाने काय ठेवलंय ते कळायला त्याच्यासमोर मान मागे टाकून बसावं लागतं. उघड्या गळ्यावरून धार फिरत असते आणि माणूस डोळे मिटून घरच्या कागाळ्या सांगत असतो. एवढा भरवसा आपण सख्ख्या भावावर तरी टाकतो का? उस्तादच्या खुर्चीत तर माणसं घोरायची.

उस्ताद हे नाव मात्र वस्तऱ्यामुळे पडलेलं नव्हतं. ते पडलं तरुणपणी, कोपऱ्यावरच्या गेम हॉलमध्ये. नाणं टाकलं की जागी होणारी उभी यंत्रं तिथे रांगेने असत. त्यातल्या विमानाच्या खेळावर याचा हात असा काही बसला होता की पोरं आपापला डाव सोडून याच्या पाठीशी उभी राहत. हॉल केव्हाच बंद झाला, तिथे आता चपलांचं दुकान आहे. नाव तेवढं चिकटून राहिलं.

पुढे कधीतरी तोच हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं आणि हेही सांगितलं की हे दुखणं जाणारं नाही, त्याच्याशी जुळवून घ्यायचं. एका गिऱ्हाइकाच्या कानामागे रक्ताचा ठिपका उमटला, त्या दिवशी उस्तादने वस्तरा पेटीत ठेवला. दुकान पुतण्याच्या हाती दिलं आणि आपण खिडकीपाशी बाकावर बसून येणाऱ्याला "या, बसा" म्हणू लागला. माणूस हसतमुख, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. वाटलं ते मुलीला.

मुलीला घरीदारी सगळे चिंगी म्हणत. दुकानामागच्या खोलीत बसून ती कॉम्प्युटरवर खेळ बनवायची. सध्या जुन्या धाटणीचा एक खेळ हातात होता. काळंभोर आकाश, तळाशी मोठमोठ्या चौकोनी ठिपक्यांचं विमान, वरून रांगा धरून उतरणारे किडे, आणि पिपाणीसारखा आवाज. किड्यांची एक फळी संपली की पुढची लाट येते. किडे आगीचे गोळे सोडतात, ते चुकवत किडे टिपायचे. इथवर अशा सगळ्या खेळांत असतं तेच. चिंगीने त्यात आपलं एक घातलं होतं. गोळा लांबून चुकवला तर पदरात काही पडत नाही. विमानाच्या अंगावरून केसभर अंतराने जाऊ दिला तर गुण मिळतात, आणि जितका जवळून तितके जास्त. चिकटला की मात्र खेळ खलास. हे तिला सुचलं होतं बापाचा वस्तरा गळ्यावरून उतरताना बघून, लहानपणी बाकावर गृहपाठ करता करता. त्याला हे तिने कधी सांगितलं नव्हतं. सांगायचं राहूनच जातं अशा गोष्टींचं.

खेळ उभा राहिला तेव्हा पहिल्यांदा तिने बापालाच बसवलं. उस्तादने बाह्या सरसावल्या, विमान फिरवायच्या कांडीवर हात ठेवला, आणि पहिल्याच लाटेत वाट्याला आलेली तिन्ही विमानं गमावली. तो हसला नाही की रागावला नाही. उजवा हात उलटा करून बघत राहिला, दुसऱ्या कुणाचा तरी हात चुकून आपल्याकडे राहिल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिंगी म्हणाली, "बाबा, काल खेळ कच्चा होता. आज नीट केलाय."

"काय बदललंस?"

"रंग."

बदलला होता गोळ्यांचा वेग. थोडासाच. आता सांगा, या पोरीला खोटारडी म्हणायची जीभ कुणाची होईल?

उस्ताद दुसऱ्या लाटेपर्यंत गेला. पुढच्या आठवड्यात हात जास्त हलला तसे तिने गोळे आणखी संथ केले, आणि उस्ताद तिसरी लाट ओलांडून गेला. हात खाली जात होता आणि गुण वर चढत होते. ज्याला त्याला थांबवून तो सांगायचा, "औषध लागू पडलं बरं का! पडदा खोटं बोलत नाही. केसभर अंतरावरून गोळा काढलाय या हाताने."

टकलू मास्तर हा त्याचा गेम हॉलपासूनचा दोस्त, पोस्टातून निवृत्त झालेला. तो म्हणायचा, "तुझा हात बरा होईल तेव्हा होईल. तुझ्या पुतण्याने माझ्या हनुवटीचं पार शेत नांगरलंय."

"थांब ना. तुझ्या डोक्याने तर मला कधी काम दिलंच नाही. हनुवटी माझ्यासाठी राखून ठेव."

चिंगी आत बसून हे ऐकायची आणि थट्टाच समजायची.

दुकानाला सुट्टी असते त्या दिवशी सकाळी तिला पुढून आवाज आला. चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा पाजळण्याचा. पुतण्या तर गावाला गेलेला. ती तशीच अनवाणी धावली.

मास्तर खुर्चीत मान मागे टाकून पडलेला, अर्धं तोंड फेसात. उस्ताद उघडा वस्तरा घेऊन त्याच्यावर वाकलेला. अंगात धुतलेला पांढरा सदरा, आणि चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"ये चिंगे, बरी आलीस. मास्तरला घाम फुटलाय, जरा वारा घाल."

"घाम नाही रे, पाणी आहे तुझं," मास्तर डोळे न उघडता म्हणाला. "चालव तू. तुझ्या हातून गेलो तर सरळ वरच जाईन."

"बाबा, थांबा."

"उद्यापासून दुसरी खुर्ची चालू करायची. फळ्यावर लिहायचं—"

"बाबा, गोळे मी हळू केलेत."

उस्तादला आधी कळलं नाही. "कुठले गोळे?"

"खेळातले. पहिल्या दिवसापासून. दर आठवड्याला थोडे थोडे. हात बरा नाही झालेला, बाबा."

मास्तरने डोळे उघडले. उस्तादने वस्तऱ्याकडे बघितलं. पातं नुसतं लवलवत होतं. ते इतका वेळ त्याला दिसलंच नव्हतं. त्याने तो फळीवर ठेवला, ठेवताना फळीला दोनदा लागून वाजला.

"किती हळू?"

"निम्म्याहून जास्त."

"खरा लाव."

"नको ना, बाबा."

"लाव म्हणतो ना."

मागच्या खोलीत तिने खरा खेळ लावला. मास्तर तोंडावरच्या फेसासकट मागे येऊन उभा राहिला, पूर्वी हॉलमध्ये उभा राहायचा तसा. पिपाणी वाजली. किडे उतरले. एक विमान गेलं, दुसरं गेलं, तिसरं तर निघायच्या आत. चिंगीने मान फिरवली. बघवेना.

मग मास्तर घसा खाकरून म्हणाला, "उस्ताद, मी दाढीच वाढवीन म्हणतो. वर काही नाही, खाली तरी दिसू दे." आणि ओल्या टॉवेलने तोंड पुसायला लागला. पुसायला लागला तो थांबेचना. फेस केव्हाच निघाला होता.

"चिंगे," उस्ताद म्हणाला. ती पुढे झाली. रागवेल, बोलेल, निदान हात तरी झिडकारील असं तिला वाटलं. तो पडद्याकडेच बघत होता.

"एवढे दिवस मी तुझा खेळ छान आहे, छान आहे म्हणत बसलो. तुझा खेळ मी बघितलाच नाही की गं."

बापाचं मन राखायला गेली आणि त्याचा हातही गेला, त्याने केलेलं कौतुकही गेलं. ती त्याच्या गुडघ्यांपाशी बसली आणि लहानपणी रडायची तशी रडली. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात केसांत अडकत होता, पण तिने तो काढू दिला नाही.

"उठ आता. तू खेळून दाखव. मला शेवटपर्यंत बघायचाय."

तिने नाक पुसलं आणि कांडी धरली. उस्ताद खुर्ची ओढून शेजारी बसला. "हां... पळू नकोस त्याच्यापासून. जवळून जाऊ दे. जाऊ दे... गेला! हे कुणाचं डोकं गं, जवळून गेलं की गुण द्यायचे?"

"तुमचंच," ती म्हणाली. "तुम्ही दाढी करताना बघायचे मी."

तिला डोळ्यांत पाणी येऊन दिसेना, आणि विमान फुटलं. पुन्हा लावलं, पुन्हा तिथेच फुटलं.

"पुढे काय आहे?"

"पुढे शेवटची लाट आहे. माझ्याने तिथवर पोचवत नाही. खेळ तपासून बघणाऱ्या माझ्या मैत्रिणीलाही जमत नाही. ती मी तुमच्या हातासाठी केली होती, बाबा. पूर्वीच्या."

मास्तर टॉवेल तोंडावर धरून दाराबाहेर गेला.

उस्ताद पाठीमागे टेकला. गिऱ्हाईक टेकतं तशी त्याने मान मागे टाकली आणि डोळे मिटले.

"मग सांग मला. कशी येते ती?"

"म्हणजे?"

"तोंडाने सांग. मी ऐकतो."

चिंगीने पडद्याचा आवाज बंद केला. सुरुवात कुठून करावी ते तिला कळेना. "आधी सगळं आकाश रिकामं होतं," ती म्हणाली. "एकही किडा नाही. वाटतं, संपलं. मग वरून, अगदी मधोमध, एक पांढरा ठिपका उतरतो. सावकाश. तो काही मारत नाही. तो खाली येईपर्यंत दोन्ही बाजूंनी गोळे—"

"घाई करू नकोस," उस्ताद डोळे मिटूनच म्हणाला. त्याचे दोन्ही हात पुढे, काहीच नव्हतं तिथे, कांडीवर ठेवल्यासारखे तयार होते. "आधी डावीकडचे सांग."