हत्ती आला तरी न उघडणारी

मी कडी बोलतेय. बाथरूमच्या दाराची, आतल्या बाजूची. मला बसवलं ते घरातल्या कर्त्या मुलानं. तो रंगारी, उंच इमारती बाहेरून रंगवायचा. चार स्क्रू पिळून त्यानं मला दोनदा सरकवून पाहिलं आणि आईला म्हणाला, "घे, आता खुशाल बस. हत्ती आला तरी उघडायची नाही." त्या कौतुकानं मी फुलून गेले.

वर्षभरानं तो परांचीवरून पडला. पाठ दुखावली. डॉक्टरांनी दुखणं थांबवायच्या गोळ्या दिल्या, दोन आठवड्यांच्या. पाठ बरी झाली, गोळ्या सुटेनात. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या सहा. त्या तो मला लावून, आत बसून घ्यायचा. नाही मिळाल्या की घाम, थरथर, हाडांत ठणका. मौज केव्हाच सरली होती, उरली होती ती त्या त्रासाची भीती. हे मला एकटीला माहीत.

त्या गोळ्यांनी पोटही जड होतं. म्हणून घरानं सोयीची समजूत करून घेतली. "स्वारी सिंहासनावर आहे," बायको म्हणायची. "उतरली की सांगा हो, मला कामावर जायचंय." आई कोमट पाणी घेऊन दाराशी उभी. "हसू नकोस गं. पोट साफ होत नाही लेकराचं."

एक दिवस बायकोला रिकामी पाकिटं सापडली. ती ओरडली नाही. हाताला धरून त्याला उपचार केंद्रात घेऊन गेली. तीन महिन्यांनी तो परतला, तेव्हा गाल भरले होते. तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "शरीराची सवय मोडलीय. आता पूर्वीइतक्या घेतल्यास तर श्वास थांबेल."

परतल्यानंतरच्या एका रविवारी सकाळी त्यानं मला सरकवलं. "एकदाच," तो पुटपुटला. आणि घेतल्या पूर्वीइतक्याच. आधी मान कलली. मग एका श्वासापासून दुसरा श्वास लांब लांब जायला लागला.

बाहेर बायको म्हणाली, "स्वारी बसली वाटतं!" सासू-सुना हसल्या. कितीतरी महिन्यांनी हसल्या. दार कुणी वाजवलं नाही.

अर्ध्या तासानं हाक आली. "अहो... अहो, चेष्टा पुरे झाली हं." मग तिनं खांदा लावला. मी धरून राहिले. पुन्हा लावला, मी धरून राहिले. मला दुसरं काही येत नव्हतं. चौथ्या धक्क्याला मी लाकडासकट निखळले. उशीर झाला होता.

"लोकांना काय सांगायचं गं?" आईनं विचारलं.

"खरं ते सांगायचं. गोळ्यांनी गेले. वाईट नव्हते ते, आजारी होते," बायको म्हणाली.

आता मी त्याच्या ब्रशांच्या डब्यात पडून आहे. गंजतेय. नव्या दाराला त्यांनी कडी लावलेली नाही, आणि मला त्याचा राग नाही.

तुमच्या घरात कुणी दार लावून फार वेळ बसत असेल, तर संकोच करू नका. दार वाजवा. आतून शिव्या आल्या, तर नशीब समजा.