घरी पेशंट होता

भोंगेनानांनी स्वतःच्याच नावाचा पुकारा केला आणि सवयीप्रमाणे कोणी ‘हजर’ म्हणतंय का म्हणून व्हरांड्याकडे बघत उभे राहिले.

व्हरांड्यात चाळीसेक माणसं होती. कोणी बाकावर, कोणी भिंतीला टेकून, कोणी वकिलाच्या मागे मागे. कोणीच उठलं नाही. कसं उठणार? नानांनी घसा साफ करून दुसरा पुकारा दिला. आधी आपलं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. वडिलांना जाऊन वीस वर्षं झाली होती आणि त्यांचं नाव असं कोर्टाच्या व्हरांड्यात ओरडताना नानांना कसंनुसं झालं. तिसऱ्या पुकाऱ्याला आतून कारकून म्हणाला, "अहो नाना, पुरे की! तुम्हीच आहात ना ते?"

"तीन पुकाऱ्यांचा नियम आहे," नाना म्हणाले आणि आत गेले.

नियम नानांना कोणी शिकवायची गरज नव्हती. या कोर्टाचा दरवाजा ते सत्तावीस वर्षं सांभाळत होते. तीन पुकारे, तरी माणूस आला नाही तर गैरहजर, आणि गैरहजर राहिला तर वॉरंट. आवाज असा दणदणीत, की खालच्या चहावाल्याकडे बसलेला आरोपीही कप टाकून जिना चढायला लागे. त्यावरूनच वकिलांनी त्यांना भोंगेनाना केलं होतं. खरं आडनाव पगारपत्रकात तेवढं उरलं होतं. आणि आज आरोपींच्या यादीत, सोळाव्या नंबरला.

दर गुरुवारी या कोर्टात वाहतुकीचे खटले चालत. सिग्नल तोडणारे, उलट्या दिशेने घुसणारे, तिघं तिघं बसणारे. न्यायाधीशांनी कारण विचारलं की दहातल्या सहा जणांचं उत्तर ठरलेलं: "साहेब, घरी पेशंट होता." इतके पेशंट गावातल्या सगळ्या दवाखान्यांत मिळून नसतील. नाना आणि कारकून यांचा दर गुरुवारचा खेळच झाला होता. आज किती पेशंट निघणार याचा सकाळी दोघांनी अंदाज सांगायचा, कारकुनाने कागदाच्या कडेला रेघा मारत जायच्या आणि ज्याचा अंदाज चुकेल त्याने चहा पाजायचा. नानांचा अंदाज सहसा चुकत नसे. घरी जेवताना ते एकेकाची नक्कलही करून दाखवत. "खरंच होता हो साहेब, खरंच!" असं रडवेलं तोंड करून म्हणत, आणि बायको हसता हसता पदर तोंडाला लावी.

पाच आठवड्यांपूर्वी, कोर्टाच्या मधल्या सुट्टीत, शेजारणीचा फोन आला. "नाना, वहिनी बाथरूममध्ये पडल्यात. दार आतून बंद आहे. हाका मारतोय, पण आतून काही आवाज नाही."

नानांनी डबा तसाच उघडा टाकला आणि स्कूटर काढली. मोठ्या चौकात दिवा लाल होता. दिसला नाही म्हणायची सोय नव्हती, चांगला डोळ्यांत भरेल एवढा लाल होता. पोलिसाने शिट्टी मारली, तीही ऐकू आली. नानांनी स्कूटर आणखी पिळली. पुढच्या चौकात दुसरा पोलीस रस्त्यात आडवाच उभा होता.

"एवढी कसली घाई, काका?"

उत्तर नानांच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडलं. ज्या वाक्यावर सत्तावीस वर्षं हसलो, ते म्हणायला जीभ उचलेना. त्यांनी लायसन्स काढून पोलिसाच्या हातात कोंबलं. "लिहा साहेब, काय ते पटकन लिहा." त्याने लिहिलं: सिग्नल तोडला, इशारा देऊनही थांबला नाही, कारण सांगितले नाही, कोर्टात हजर राहावे.

नाना घरी पोचले तेव्हा शेजाऱ्यांनी कडी तोडली होती. डोक्याला टाके पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. पण बायको वाचली. शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं काय विचारलं तर "गॅस बंद केला का कोणी?" नाना हॉस्पिटलच्या जिन्यात जाऊन मनसोक्त रडले. कोर्टात मात्र त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. रजेच्या अर्जात ‘घरगुती काम’ एवढंच लिहिलं.

त्यांना दंडाची भीती नव्हती, लायसन्सचीही फारशी नव्हती. भीती होती ती हसण्याची. बायकोच्या जिवावर बेतलेली गोष्ट त्या खोलीत सांगायची आणि तिचं हसं होताना बघायचं, हे त्यांच्याच्याने झालं नसतं. म्हणून त्यांनी ठरवून टाकलं होतं. गुन्हा कबूल म्हणायचं, होईल तो दंड भरायचा आणि परत दरवाजात येऊन उभं राहायचं.

सकाळी निघताना बायकोने खुर्चीत बसल्या बसल्या हॉस्पिटलचा कागद त्यांच्या शर्टाच्या खिशात सरकवला होता.

"हा दाखवा. खरं सांगायला लाज कसली?"

"अगं, सगळे हेच सांगतात."

"मग असेल सगळ्यांच्या घरी कोणीतरी आजारी."

"सगळ्यांच्या कसं असेल?"

"बरं, सगळ्यांच्या नसेल. एखाद्याच्या तरी असेल ना? तुम्ही कधी विचारलंत?"

"मी नाव पुकारतो. विचारायचं काम साहेबांचं."

"आणि हसायचं काम कोणाचं?"

नाना चपलेत पाय घालता घालता थांबले. "तूही हसायचीस."

"हसायचे," ती म्हणाली. "तेव्हा मी पडले नव्हते."

आता नाना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे होते. सत्तावीस वर्षांत त्यांनी हा पिंजरा पुसला होता, त्याच्या बिजागऱ्यांना तेल घातलं होतं, पण आत पाय ठेवला नव्हता. इथून खोली वेगळीच दिसत होती. न्यायाधीश बाई उंचावर, लांब, आणि दरवाजा त्याहून लांब. कारकून खाली मान घालून कागद चाळत होता. बाईंना या कोर्टात येऊन तीनच महिने झाले होते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"आरोप समजला?"

"समजला, मॅडम."

"गुन्हा कबूल आहे?"

"कबूल आहे."

इथेच संपायला हवं होतं. पण बाईंनी कागद पुन्हा वाचला. "इशारा देऊनही थांबला नाही. कारण सांगितले नाही. तुम्ही? तुम्हाला तर सगळं माहीत असतं. असं काय झालं होतं?"

नानांना काहीही सांगता आलं असतं. ब्रेक लागला नाही, ऊन डोळ्यांवर आलं, असली कारणं त्यांना शेकड्यांनी पाठ होती. पण खिशातला कागद छातीला टोचत होता, आणि तो जिने खिशात घातला ती त्या दिवशी बंद दाराआड पडली होती, हे काही केल्या बाजूला सारता येईना.

"मॅडम," ते म्हणाले, "घरी पेशंट होता."

कारकून पहिला हसला. त्याचा तरी काय दोष? त्याला वाटलं, नानांनी भर कोर्टात फर्मास विनोद केला. त्याने सवयीने पेन्सिल उचलून रेघसुद्धा मारली. मग हवालदार तोंडावर हात धरून हसला, वकिलांच्या बाकावरून "वा, नाना!" असा आवाज आला. नानांचे कान तापले.

"खरंच होता," ते म्हणाले.

हेही सगळेच म्हणतात. हशा दुप्पट झाला.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन टेबलावर दोनदा आपटलं. खोली गप्प झाली.

"कोण होतं पेशंट?"

"बायको, मॅडम. बाथरूममध्ये पडली होती. दार आतून बंद. फोन आला आणि मी..." नानांनी घाईघाईने खिशात हात घातला. कागद अर्धा बाहेर आला.

"कागद राहू द्या," बाई म्हणाल्या. "आता कशा आहेत त्या?"

त्या खोलीतले सगळे प्रश्न नानांना तोंडपाठ होते. हा त्यांनी तिथे कधी ऐकला नव्हता.

"चालते, मॅडम. काठी घेऊन. स्वयंपाकघरापर्यंत जाते. काल चहा करून दिला मला. साखर घालायची विसरली, पण करून दिला." भोंग्याचा आवाज असा बारीक झाला, की टायपिस्टला पुढे वाकून ऐकावं लागलं.

बाईंनी दोन ओळी लिहिल्या. "समज देऊन सोडतेय. लायसन्स परत घ्या. पण लाल दिवा तो लालच. वाटेत कोणाला धक्का लागला असता, तर त्याच्याही घरी पेशंट झाला असता."

"हो, मॅडम. चुकलंच माझं."

नाना पिंजऱ्यातून उतरले. अंगातला ताप उतरावा तसं त्यांना हलकं वाटत होतं. ते व्हरांड्यात जाऊन दोन पेले पाणी प्यायले, तिसरा तोंडावर मारला. कारकून मागोमाग बाहेर आला.

"नाना, मला काय माहीत हो... वहिनी एवढ्या... तुम्ही बोललाही नाहीत."

"बोललो असतो तर तू रेघ मारली असतीस," नाना म्हणाले. कारकुनाचा चेहरा पडला, तसा त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "अरे, मीही मारायला लावलीच असती. चल, पुढचं नाव दे."

पुढचं नाव एका गॅरेजवाल्याचं निघालं. नखं ऑइलने काळी, कारण तेच. दंड झाला आणि तो बाहेर पडायला लागला, तेव्हा नानांनी दार धरून हळूच विचारलं, "पेशंट कसा आहे आता?"

"कोण पेशंट?"

"घरचा."

गॅरेजवाल्याने डोकं खाजवलं. "काका, खोटं कशाला बोलू? असं म्हटलं की दंड कमी होतो, असं मघाशी एक जण बोलला."

नाना एवढ्या मोठ्याने हसले, की आतून हवालदाराने शुक् केलं. सकाळपासून पहिल्यांदा ते पोटातून हसत होते. चला, जग होतं तसंच होतं तर.

दुपार कलताना यादीतला शेवटून दुसरा माणूस आला. घरं रंगवणारा असावा, बाह्यांवर पांढरे ठिपके होते. कारण विचारल्यावर "वडील आजारी होते" एवढंच म्हणाला, खरंच वगैरे काही म्हणाला नाही. बाहेरची वर्दळ ओसरली होती, बाईही थकल्या होत्या. नेहमीचा दंड झाला. तो दारात आला तेव्हा नाना विचारावं की नको अशा विचारात होते. गॅरेजवाल्याने एकदा फजिती केलीच होती.

"वडील कसे आहेत आता?"

माणूस थबकला. आणखी कुठला फॉर्म भरायचा राहिला असं त्याला वाटलं असावं. मग त्याने नानांच्या तोंडाकडे नीट बघितलं.

"गेले," तो म्हणाला. "त्याच दिवशी."

नानांनी मागे दार हळूच लोटून घेतलं.

"पण भेट झाली, काका. मी पोचलो तेव्हा डोळे उघडे होते. ओळखलं मला. आलास का, म्हणाले. पाचेक मिनिटं मिळाली असतील." त्याने दंडाच्या कागदाची घडी घातली, कडा नखाने दाबून सरळ केल्या. "दंडाचं काही नाही. तो भरतो मी. कुठे भरायचा?"

दंडाची खिडकी खाली, दोन वळणं घेऊन, जुन्या कागदांच्या खोलीमागे होती. विचारणाऱ्याला नाना दारातूनच हात लांब करून दाखवत आले होते, आणि माणसं चुकून दोनदा तीनदा परत वर येत. आज त्यांनी कारकुनाला "आलोच" म्हणून सांगितलं आणि त्या रंगाऱ्याबरोबर जिना उतरले. खिडकीपुढे चौघं उभे होते. नाना त्याच्या शेजारी रांगेत उभे राहिले, त्याची पाळी येईपर्यंत.