जुळ्या फळ्या

या, अंमळ पुढे सरका. मागे बसलात तर नुसता मृदंगच ऐकू येईल. एक गोष्ट सांगायची आहे पार्शे गावची, गोवा राज्य झालं त्या पावसाळ्यातली. बुवांच्या आख्यानात ती नाही; आख्यान ऐकायला बसणाऱ्या एका बाईची आहे.

कमलाक्षी मागीलदारी उकिडवी बसली होती. समोर चिरायच्या, फणसाच्या लाकडाच्या दोन फळ्या. एक नाकाशी धरी, खाली ठेवी, दुसरी उचली.

"काय गो, फळयेचे मुके घेतंस?" नवरा जयराम चहाचा पेला घेऊन दारात उभा.

"ह्यातली शिवराक खंयची आणि नुस्त्याची खंयची?"

जयरामने पेला खाली ठेवला. "तां... तुकाच म्हायत असतला."

त्या घरात दोन फळ्या. एक नुस्त्याची, मासळी कापायची, ती मागच्या पडवीत. दुसरी शिवराक, निव्वळ भाजीची, तिला मासळीचा वारासुद्धा लागू द्यायचा नाही, ती आत खुंटीला. सासू सरस्वतीने दोन्ही एकाच झाडाच्या करून घेतल्या होत्या आणि त्यांची निगा सुनेला हात धरून शिकवली होती. चिरून झालं की मीठ-लिंबू चोळायचं, थंड पाण्याने पुसायचं. उन्हात टाकायची नाही, तडकते. सावलीत उभी करायची, पाणी उतरू द्यायचं. मग कोमट खोबरेल, लाकूड पिईल तेवढं. कमलाक्षीने दोघींना लेकीसारखं सांभाळलं; एकीला जास्त, एकीला कमी असं केलं नाही.

ती शिरगावला बहिणीकडे गेली होती तेव्हा इकडे बाबली सुतार दार बसवायला आला. जयरामला वाटलं, बायकोला खूश करावं. त्याने दोन्ही फळ्यांवर रंधा मारून घेतला, तेल लावलं आणि ओट्यावर शेजारी शेजारी मांडून ठेवल्या. सुरीचे वळ गेले, डाग गेले. सासूच्या हाताने मधोमध झिजलेला खळगा होता, तोही गेला.

आता बाबलीला बोलावून आणलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "वयनी, दोनय जुळी बहिणी! पण भियेव नको. रंध्याखाली सगळा धुवान गेला. आता दोनय शिवराक."

"म्हणजे सासूमांयचा चिरणांय धुवान गेला?"

बाबली हत्यारांची पिशवी उचलून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सप्त्याची समाराधना, गावजेवण. देवळाच्या आवारात गावच्या बायका ओळीने बसत आणि खतखत्याच्या मिसळ भाजीसाठी सुरण, दोडकी, केळी आपापल्या शिवराक फळीवर चिरत. ज्या घराची फळी, त्या घराची सेवा, ही रीत. उसनी फळी घेतली तर सेवा देणारीच्या घरची. नवी करावी, तर ओल्या लाकडाचा चीक भाजीला लागणार. ओळीत आधी सरस्वतीची जागा होती, ती गेल्यावर कमलाक्षीची. ती जागा आता या दोन मुक्या लाकडांच्या हातात.

तिने पाणी शिंपडून वास घेतला. दोन्हींना फणसाचाच. फळ्या मांजरीपुढे ठेवल्या. मांजरीने दोन्ही हुंगल्या आणि एकीवर अंग पसरून झोपली.

"बघ, ती नुस्त्याची!" जयराम म्हणाला.

"नुस्त्याची असती तर चाटली असती."

"मगे शिवराक!"

"चाटूक काय नाय, तर निजली कित्याक?"

जयरामने हात टेकले. "अगो, बुवांनी काल काय सांगितला? देव भावाचो भुकेलो."

ते कमलाक्षीने डोळे मिटून ऐकलं होतं, तिचा ऊर भरून आला होता. पण आता तिला कळेना, बुवा हे देवाचं मोठेपण सांगत होते की आपल्याला मोकळीक देत होते? देव भुकेला खरा. म्हणून त्याला काहीही वाढायचं?

सकाळी ती देवळात गेली, रिकाम्या हाताने. ओळीची पुढारीण भाग्यलक्ष्मी ओरडली, "कमळे, फळी खंय?"

कमलाक्षीने सगळं सांगितलं, हळू आवाजात, पण सगळ्यांसमोर. बायका हसल्या.

"शाणी मगो तू! खंयचीय एक फळी हाडूची होती. कोणाक कळला असता?" भाग्यलक्ष्मी म्हणाली.

"माकाच कळणा नाय. म्हणान हाडूक नाय."

हसू थांबलं. भाग्यलक्ष्मीने आपली फळी तिच्याकडे सरकवली. कमलाक्षीने तिला हात जोडले आणि विहिरीकडे गेली. तिथे केळीची पानं धुण्याचं काम होतं. ते गावात नव्या आलेल्या सुनांचं. त्या संकोचून बाजूला झाल्या. तिने पदर खोचला आणि पान उचलून पाण्याखाली धरलं, शिरेच्या बाजूने, फाटणार नाही असं.

तिकडे सुऱ्या चालू झाल्या. शेजारणी पसरून बसल्या, पण तिच्या जागेवर कोणी सरकलं नाही. शेजारणींच्या दोन फळ्यांच्या मध्ये फळीएवढी सारवलेली जमीन तशीच राहिली.

वर्षभरात नवी फळी सुकली असती, पण सासूच्या हाताचा खळगा तिला कुठून येणार? पुढे दरवर्षी ती पानंच धूत राहिली. मंडळी, कुठल्या देवळात पंगतीला बसाल, पुढ्यात ओलं पान येईल, तेव्हा भात वाढण्याआधी आमच्या कमलाक्षीला एकदा आठवा.